हौसेचं दुखणं आणि आपली सेवा



या महिन्यात आपल्या रुग्णसेवेच्या ग्रुपवर एक प्रश्न आला आणि दोन दिवस त्यावर बरंच लिहिणं-बोलणं झालं. काहींनी नुसते अंगठे टाकले, काहींनी फोन करून मत सांगितलं. पत्रिकेचं काम बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "तुम्ही यावर नीट लिहा, ग्रुपवरचं दुसऱ्या दिवशी वर निघून जातं." म्हणून लिहिते आहे. थोडं लांबेल. पण घरात मोठ्याने वाचा, आणि जमलं तर विशी-पंचविशीतली मुलं समोर बसलेली असताना वाचा.

प्रश्न असा होता. आपल्या परिवारातल्या एका बहिणीचा मुलगा, वय २६, बाहेरगावी नोकरीला. उंची पाच फूट तीन इंच. त्याने उंची वाढवण्यासाठी दोन्ही पायांच्या नडगीच्या हाडांचं ऑपरेशन करून घेतलं. घरी आधी सांगितलं नाही. आता दोन्ही पायांना लोखंडी कडी बसवलेली आहेत, उजवं पाऊल वर उचलता येत नाही, एका तारेच्या तोंडाशी पू झाला आहे, आणि आई भाड्याच्या खोलीत एकटीने त्याचं सगळं करते आहे. तिने विचारलं की, दोन-तीन भगिनी आळीपाळीने चार-चार दिवस येऊन राहतील का? (कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. गाव-नाव कुणी विचारू नये. ओळखलंच तर ग्रुपवर लिहू नये.)

त्यावर आपल्या एका ज्येष्ठ काकांनी लिहिलं, "सेवा रुग्णाची करायची असते, हौसेची नाही. धडधाकट पाय त्याने स्वतःहून मोडून घेतले. गुलबर्ग्याला कॅन्सरच्या पेशंटची माणसं आवारात रात्र काढतात, त्यांना डबा पोचवायला आपल्याकडे माणूस पुरत नाही. आधी ते बघा." त्या मेसेजला सगळ्यात जास्त अंगठे आले.

काकांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. वीस वर्षं डबे पोचवणारा माणूस बोलतो आहे. आणि प्रश्न खराच आहे : जे दुखणं माणसाने आपण होऊन, पैसे मोजून घेतलं, त्याच्याबद्दलची आपली दया थोडी कमी असायला हवी का?

आधी हे ऑपरेशन काय असतं ते समजून घेऊ. कारण ग्रुपवर काहींना वाटलं की हाडात कसला तरी तुकडा बसवतात. तसं नाही.

ही पद्धत शोधली सोव्हिएत रशियातल्या एका डॉक्टरांनी. गावरिल इलिझारोव त्यांचं नाव, सैबेरियातल्या कुर्गान शहरात काम करत. १९५० च्या दशकात, महायुद्धातून पाय मोडून आलेले, हाड न जुळलेले कितीतरी लोक त्यांच्यासमोर होते. त्यांनी पायाभोवती लोखंडी कडी बसवली, आणि बारीक तारा हाडातून आरपार नेऊन त्या कड्यांना ताणून बांधल्या. सुरुवातीला सायकलच्या चाकाच्या तारा वापरल्या असं सांगतात. या कड्यांच्या आधाराने हाड कापून दोन टोकं हळूहळू दूर नेली, तर मधल्या जागेत शरीर स्वतःच नवीन हाड तयार करतं, हे त्यांना दिसून आलं. टोकियो ऑलिंपिकचा उंच उडीचा सुवर्णपदकविजेता वालेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात पाय गमावण्याच्या बेतात होता. कितीतरी ऑपरेशनं फुकट गेल्यावर तो इलिझारोवांकडे गेला आणि पुन्हा उडी मारायला लागला. जन्मतः एक पाय आखूड असलेली मुलं, पोलिओ झालेली माणसं, अपघातात हाडाचा तुकडा गेलेले लोक, अशा किती जणांना या विद्येने पायावर उभं केलं याची गणती नाही. आपल्याकडेही मोठ्या दवाखान्यांत "इलिझारोव" हा शब्द ऐकू येतो, तो याच डॉक्टरांचा.

हीच विद्या नंतर धडधाकट माणसाच्या उंचीसाठी वापरली जाऊ लागली. नडगीचं किंवा मांडीचं हाड कापतात. पाच-सात दिवस तसंच ठेवतात. मग रोज एक मिलिमीटर ताणायचं, तेही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. हे काम दवाखान्यात होत नाही, घरी करायचं असतं. हातात पाना घेऊन नट फिरवायचा. या मुलाला सहा सेंटीमीटर वाढवायचे होते, म्हणजे सरळ हिशेबाने ६० दिवस. दिवसाला चार वेळा, दोन पाय, म्हणजे ४८० वेळा, आणि प्रत्येक वेळी कड्यांमधले तीन-चार नट. ताणून झालं की संपलं असंही नाही. मधे तयार झालेलं हाड कोवळं असतं, ते पिकायला ताणण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एका सेंटीमीटरला महिना-दीड महिना असा एकूण हिशेब धरतात. हल्ली हाडाच्या आत बसवायची, बाहेरून चुंबकाने लांब होणारी सळईही निघाली आहे. तिच्यात बाहेरची कडी नसतात, पण ती फार महाग. हाड मात्र तिच्या गतीनेच येतं. तिथे पैशाने घाई होत नाही.

हाड वाढतं, पण त्याच्याबरोबर बाकीचं तितक्या खुशीने वाढत नाही. पोटरीचे स्नायू, टाचेमागची जाड शीर, नसा, कातडी या सगळ्यांना ओढ बसते. टाचेमागची शीर आखडली की टाच जमिनीला टेकत नाही, माणूस चवड्यावर चालायला लागतो. गुडघा पूर्ण सरळ होत नाही. म्हणून रोज तासन्‌तास व्यायाम, आणि तो व्यायाम म्हणजे दुखऱ्या पायाला आणखी ओढणं. नस जास्त ताणली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही, खाली लोंबतं. त्याला फूट ड्रॉप म्हणतात. वेळेवर लक्षात आलं तर डॉक्टर ताणण्याचा वेग कमी करतात किंवा थांबवतात, आणि पुष्कळदा नस सावरते. पुष्कळदा, नेहमी नाही. तारा जिथून कातडीतून आत जातात तिथे पू होणं तर इतकं नेहमीचं आहे की, डॉक्टर त्याची पूर्वसूचनाच देतात. कधी नवीन हाड नीट भरत नाही, कधी वाकडं भरतं, कधी ताणायच्या आधीच जुळून जातं. मग परत ऑपरेशन. आणि क्वचित रक्ताची गुठळी किंवा हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाते. तिथे जीवाशीच गाठ असते.

हे सगळं करून मिळतात दोन-अडीच इंच. खर्च काही लाखांत. वर्षभराची नोकरी हातची जाते किंवा घरी बसून जेवढी जमेल तेवढी राहते. हात होते तेवढेच राहतात. पूर्वीसारखं पळता येईलच याची खात्री कुणी देत नाही.

मी स्वतः पहिले चार दिवस जाऊन आले. तिथलं फार लिहीत नाही, दोनच गोष्टी सांगते. रात्री अडीच-तीनला मुलगा जागा असायचा, आई जागी असायची, आणि दोघंही एकमेकांना झोपलोय असं दाखवायची. दुसरी गोष्ट, मी त्याला सहज म्हटलं, "आता बरीच उंची वाढली असेल रे." तर म्हणाला, "काकू, मला कुठे दिसली अजून? वॉकर धरून वाकूनच उभा राहतो मी."

आता काकांच्या प्रश्नाकडे येते.

आपण म्हणतो, करावे तसे भरावे. खरं आहे. पण आपल्या सेवेच्या वहीत गेल्या पाच वर्षांत कोणकोण आहे ते बघा. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट, त्यातले कितीतरी गुटखा-तंबाखूवाले. साखर चारशेवर गेलेली असताना लग्नात पंगतीला बसून पायाचं बोट गमावलेले. पिऊन गाडी चालवून हुमनाबादच्या रस्त्यावर पडलेले. त्यांच्यापैकी कुणाला आपण विचारलं का, की हे दुखणं स्वतःहून आणलं की देवाने दिलं? नाही विचारलं. डबा दिला, उशाशी बसलो. म्हणजे स्वतःहून ओढवलेल्या दुखण्याची आपल्याला अडचण नाही. आपल्याला खुपते ती या दुखण्यातली हौस. तंबाखूवाल्याला व्यसन होतं म्हणून आपण समजून घेतो, बिचारा सुटला नाही म्हणतो. या मुलाच्या बाबतीत आपल्याला वाटतं, याला काय कमी होतं? आणि आपल्याला काय कमी आहे हे ज्याचं त्याला दिसतं, शेजाऱ्याला दिसत नाही, एवढं साधं आपण विसरतो.

गाणगापूर आपल्याला लांब नाही. वर्षातून एकदा तरी आपल्यापैकी निम्मे लोक जातात, संगमावर स्नान करतात, निर्गुण पादुकांचं दर्शन घेतात. तिथलीच गुरुचरित्रातली नरहरीची कथा सगळ्यांना माहीत आहे. अंगावर कोड, लोक तोंड बघायला तयार नाहीत, असा तो ब्राह्मण नृसिंह सरस्वतींकडे आला. हे पूर्वकर्माचं फळ आहे, हे महाराजांनी त्याला सांगितलं, लपवलं नाही. पण तिथे थांबले नाहीत. औदुंबराचं वाळलेलं लाकूड दिलं, संगमावर रोव म्हणाले, आणि रोज पाणी घाल. लोक हसले. वाळकं सरपण कधी पालवतं का? तो घालत राहिला. पुढे काय झालं ते आपण जाणतोच.

या कथेवर आपण श्रद्धेबद्दल पुष्कळ बोलतो. मला यावेळी तिच्यात दुसरंच दिसलं. दुखण्याचं कारण महाराजांना माहीत होतं, आणि ते माहीत असल्यामुळे त्यांनी मदतीत एक कणही कमी केला नाही. कारण सांगणं हा एक भाग, मदत करणं हा दुसरा. आपण या दोन गोष्टी एकत्र कालवतो. कारण पसंत पडलं नाही की मदतीचा हात आखडतो, आणि त्याला कर्मसिद्धांत म्हणतो. ज्याचं त्याला फळ द्यायचं काम आपल्याकडे कुणी सोपवलेलं नाही. त्याला फळ मिळतंच आहे, दिवसातून चार वेळा पाना फिरवून.

काकांचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य आहे. माणसं मोजकी आहेत. कॅन्सरवाल्यांचा डबा चुकवून कुणी इकडे येऊ नये. पण क्रम लावायचा तो गरज बघून लावावा, दुखण्याचं मूळ बघून नको. ज्याच्याकडे दुसरा हात नाही तो आधी. या बहिणीचे मिस्टर नाहीत, मोठी मुलगी बाळंतीण आहे, दीर-जाऊ "आम्हाला विचारून केलं का" म्हणून रुसलेले. ती जेवायला बसली की मुलाला शौचाला न्यावं लागतं. डब्याच्या पाळीत नसलेल्या तीन भगिनींनी नावं दिली आहेत, कुणाचाही डबा चुकलेला नाही.

एका वहिनींनी आणखी एक शंका काढली, तीही चांगली आहे. म्हणाल्या, आपण अशी धावून सेवा केली की बाकीच्या पोरांना वाटेल, करायला हरकत नाही, संभाळणारे आहेत. मला उलटं वाटतं. मोबाईलवर या ऑपरेशनचे व्हिडिओ असतात. त्यात आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. मधले आठ-दहा महिने नसतात. मुलं बघतात ते एवढंच. म्हणून माझं म्हणणं, पाळीत नुसत्या बायकाच नकोत, आपल्या युवा गटातली मुलंही जाऊ देत. त्याला उचलायला, आंघोळ घालायला ताकदीचा माणूस लागतोच. चार दिवस राहतील, पट्टी बदलताना बघतील. वेगळं प्रवचन लागणार नाही.

आता, हे ऑपरेशन करणं योग्य की अयोग्य? बऱ्याच जणांनी लिहिलं, देवाने दिलेल्या देहात ढवळाढवळ करू नये. मला हे पटत नाही. आपण चष्मा लावतो, मोतीबिंदू काढतो, मुलींचे वाकडे दात तारा लावून सरळ करतो, कान तर सगळ्यांचेच टोचलेले. मथुरेत कुब्जा भेटली तेव्हा श्रीकृष्णाने तिला, 'आहेस तशी सुंदर आहेस' एवढंच सांगून वाटेला लावलं नाही. तिच्या पावलांवर पाऊल ठेवलं, हनुवटीला धरून तिला सरळ केलं. देहाला हात लावणं पापच असतं तर ही कथा आपल्याकडे आलीच नसती.

दुसरीकडे काहींनी त्या मुलाला उपदेश पाठवले. वामनाने तीन पावलांत त्रिभुवन व्यापलं. अष्टावक्राने जनकाला ज्ञान दिलं. शास्त्रीजी किती उंच होते? गावसकर, तेंडुलकर? अहो, कमी उंचीच्या मुलाने ही नावं शाळेपासून इतक्यांदा ऐकलेली असतात की त्याला ती पाठ असतात. प्रत्येक वेळी ती नावं सांगणारा त्याच्या उंचीकडे बघूनच सांगत असतो. अष्टावक्र आपला आपण आठवला तर धीर देतो. दुसऱ्याने डोक्यावर ठेवला तर ते आणखी एक ओझं होतं.

माझं मत सांगते. माझ्या मते, नुसत्या उंचीसाठी हे करू नये. देह पवित्र आहे हे कारण मी देत नाही. बसवकल्याण आपल्या शेजारी, देहालाच देऊळ मानणाऱ्या शरणांची ही भूमी, आणि त्या देवळाची डागडुजी करायला कुणाची ना नसावी. माझं कारण व्यवहाराचं आहे. सही एकदा होते, आणि किंमत वर्षभर रोज द्यावी लागते. सही करताना ती किती हे त्या माणसाला कळणं शक्यच नसतं. कागदावर "वेदना" असा शब्द असतो. तो वाचून रात्री अडीच वाजताचा पाय कळत नाही. आणि त्या किमतीतला मोठा वाटा असा माणूस देतो ज्याची त्या कागदावर सहीच नसते. ती बहीण फोनवर म्हणाली, "मला त्याचा इतका राग येतो, आणि त्याच हाताने मी त्याची पट्टी बदलते."

एप्रिल २०१६ मध्ये आपल्या जवळच, हैदराबादला, हे प्रकरण फार गाजलं होतं. काहींना आठवत असेल. विशी-बाविशीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर, घरी न सांगता दवाखान्यात भरती झाला. आईवडिलांनी शोधाशोध केली, पोलिसांत हरवल्याची तक्रार दिली. मग कळलं की तो दवाखान्यात आहे आणि त्याच्या दोन्ही पायांची हाडं कापून झाली आहेत. वडील म्हणाले, आम्हाला विचारलं कसं नाही? दवाखान्याचं उत्तर, मुलगा सज्ञान आहे. कायद्याने तेही चूक नव्हतं. प्रकरण मेडिकल कौन्सिलपर्यंत गेलं. चीनमध्ये तर बिघडलेल्या केसेस इतक्या झाल्या की तिथल्या सरकारने २००६ मध्ये नुसत्या उंचीसाठी हे ऑपरेशन करण्यावर बंदी घातली, आजारासाठी चालू ठेवलं. आपल्याकडे तशी बंदी नाही. म्हणजे ठरवायचं काम घरातच आहे.

आणि घरात तर मुलं सांगतच नाहीत. या मुलाने आईला का सांगितलं नाही, हे मी विचारलं. तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही सगळे हसला असता." मी हा शब्द मनात फिरवून पाहिला. अडवलं असतं असं तो म्हणाला नाही, हसला असता असं म्हणाला. शाळेत रांगेत कायम पहिला उभा. गल्लीत एक टोपणनाव पडलं ते कॉलेजपर्यंत आलं. पोलीस भरतीला गेला तर मैदानावर उतरायच्या आधी, मोजपट्टीपाशीच परत. (तशी पोरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो म्हणून पहाटेची पाळी मागणारी.) आणि मग स्थळं. चार वर्षांत सात स्थळं उंचीवरून मोडली. त्यातली दोन आपल्याच परिवारातली. एका ठिकाणी मुलीची हरकत नव्हती, तिच्या मामांची होती. फोटोत जोडा शोभत नाही म्हणाले.

मुलींचं दुखणं उलटं. पाच फूट आठ इंचाच्या मुलीला वाकून चालायची सवय लागलेली असते, आणि लग्नात तिची चप्पल काढून घेतात. बुटक्या मुलीला टाच उंच असलेली घालायला लावतात. मला कुणी सांगेल का, की संसाराच्या कुठल्या कामात नवऱ्याने बायकोपेक्षा चार इंच उंच असावं लागतं? माळ्यावरचा डबा काढायला स्टूल असतं.

म्हणून "स्वतःहून" हा शब्द मी त्या मुलाच्या बाबतीत जपून वापरते. सही त्याचीच, निर्णय त्याचाच, आणि सज्ञान माणसाची जबाबदारी मी त्याच्यावरून काढून घेत नाही. पण ती इच्छा त्याच्यात कुठून आली याचा माग काढत गेलं तर वाट आपल्याच ओसरीवरून जाते.

जे सेवेला जाणार आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी. डॉक्टरांनी त्या आईला सांगितलेल्या आणि मी तिथे पाहिलेल्या.

तारांच्या तोंडाशी सांगितलेल्या पाण्यानेच स्वच्छ करायचं, हात साबणाने धुऊन. तिथे हळद, तेल, तूप काही लावायचं नाही. कळकळीने सांगते, अंगारासुद्धा नाही. अंगारा कपाळाला लावा, तारेच्या भोकात नको. महाराजांचा प्रसाद म्हणून आपण तिथे राख घातली आणि जंतू हाडापर्यंत गेले तर ती सेवा होत नाही. मालीशवाला, हाड बसवणारा यांना खोलीत येऊ देऊ नका, कितीही नावाजलेला असला तरी. नट किती फिरवायचा ते कागदावर लिहिलेलं आहे, "लवकर संपवू" म्हणून जास्त नाही. ताप आला, पू वाढला, पोटरी सुजून घट्ट झाली, पाऊल आणखी बधिर झालं तर लगेच फोन. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनची वाट न बघता दवाखाना. तंबाखू-सिगारेट कुणी लपवून आणून देऊ नका, तिने हाड भरणं मंदावतं. पायजम्याच्या बाजू उसवून नाड्या लावल्या तर कड्यांवरून चढतो, दोन जोड शिवून पाठवले आहेत, आणखी दोन लागतील. पांघरूण तारांना लागून दुखतं, म्हणून पायांवर कापलेला खोका उभा करून त्यावर पांघरूण घालायचं.

बोलताना "कशाला केलंस" हे त्याने आधीच हजार वेळा ऐकलं आहे, स्वतःच्याच तोंडून. "किती वाढली" हेही विचारू नका. क्रिकेट बोला, ऑफिसचं विचारा. आणि आईला दुपारी दोन तास झोपायला पाठवा, ती नाही म्हणाली तरी.

शेवटचं, आपल्या वधू-वर नोंदवहीबद्दल. नाव, शिक्षण, नोकरी, शेती, आणि मग उंची-रंग असे दोन रकाने आहेत. मी मागच्या बैठकीत सुचवलं की हे दोन रकाने काढून टाकावेत. एका ताईंनी हरकत घेतली की, मग पाहायला गेल्यावर कळणार आणि तिथे तोंडावर नकार मिळणार, त्यापेक्षा कागदावरचा नकार बरा. त्यांच्या मुलीला तसा अनुभव आला आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी खोडू शकले नाही. दुसऱ्या एकांनी सुचवलं की, नोंद ठेवावी पण "अपेक्षा" या रकान्यात उंची लिहायला बंदी करावी. हे मला बरं वाटतं, पण बैठकीत ठरलं नाही. येत्या गुरुवारी आरतीनंतर भालकीच्या केंद्रात यावर पुन्हा बसायचं आहे. ज्यांच्या घरी लग्नाची मुलं-मुली आहेत त्यांनी त्यांना सोबत आणावं, बोलायचं त्यांनी. नोंदवहीच्या जुन्या प्रती ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्याही घेऊन याव्यात.

पाळीसाठी १८ तारखेनंतरचे चार दिवस अजून रिकामे आहेत.

— एक सेविका, रुग्णसेवा गट, भालकी